दोन्हीकडून उजवी

नाटक संपलं की पाचरमामा जग मोडायला घ्यायचे. प्रेक्षक दारातून बाहेर पडत असायचे, कुणाचे डोळे अजून ओले असायचे, आणि इकडे पडद्यामागे राजवाड्याच्या बिजागऱ्यांमधून सळया खटाखट निघायला लागलेल्या असायच्या. सिंहासन एका कुशीवर, खिडकी दुसऱ्या खिडकीच्या पाठीला पाठ लावून, आणि नायिकेनं जिच्यावर डोकं टेकून हंबरडा फोडला ती भिंत चौघडी घालून कोपऱ्यात. अर्ध्या तासात रंगमंच असा रिकामा, की तिथे कधी कुणी राहत होतं यावर विश्वास बसू नये.

एक्केचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. न्यायालयं बांधली, जहाजाचे डेक बांधले, एका नाटकासाठी आठ पायऱ्यांचा वळणदार जिना बांधला, ज्यावरून उतरणाऱ्या नटीला नुसत्या उतरण्यासाठी टाळ्या पडत. त्यातलं आज काही म्हणजे काही उभं नाही. जिन्याची फळी पुढे कपाटात गेली, कपाटाची फळी होडीत गेली, होडीचं काय झालं ते कुणाला आठवत नाही.

नाव पाचरमामा पडलं ते खिशातल्या लाकडी पाचरांमुळे. टेबल डगमगलं, दरवाजा आपोआप उघडायला लागला, की मामा वाकून एक पाचर बसवत आणि नाटक पुढे चालू. एकदा एक नट म्हणाला, "मामा, माझ्या संसारातही एक पाचर मारा ना."

"त्यात मारणारे पुष्कळ आहेत," मामा म्हणाले. "मी फक्त फर्निचरात मारतो."

मामी त्याच नाटकघरात प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसून विसरलेली वाक्यं पुरवायच्या. निवृत्तीनंतर ती सवय घरात आली. मामांनी "जरा तो..." म्हणावं आणि मामींनी "चष्मा, उशीखाली" म्हणून पूर्ण करावं.

निवृत्त माणसाच्या हातांना काय करावं हे कळत नाही. मामांनी घरातल्या सगळ्या खुर्च्या दुरुस्त केल्या, मग शेजारच्या. मग ज्यांना काहीच झालेलं नव्हतं त्या खुर्च्यांकडे ते संशयानं पाहू लागले. अशा वेळी त्यांची भाची आली. ही सख्ख्या बहिणीची मुलगी. मामांना मामा म्हणणारं सगळं गाव होतं, पण खरा हक्क हिचा. ती भूकंपमापन केंद्रात नोकरीला होती.

"मामा, विज्ञान संग्रहालयात एक दालन होतंय," ती म्हणाली. "जमिनीखाली काय चाललंय ते दाखवायचंय. हलणारं, हातानं फिरवता येईल असं. मी सांगून टाकलं, माझा मामा करेल."

"जमिनीखाली काय चाललंय?"

"सगळं सरकतंय."

मामांनी हातातला कप खाली ठेवला. सरकणाऱ्या गोष्टी हा त्यांचा विषय होता.

भाचीनं टेबलावर दोन वर्तमानपत्रं शेजारी-शेजारी पसरली. पृथ्वीचं कवच अखंड नाही, ती सांगू लागली, त्याचे तुकडे आहेत, शंभरेक किलोमीटर जाडीचे. त्यांना भूपट्ट म्हणतात. ते सरकतात, नखं वाढतात साधारण त्या वेगानं. आणि जिथे दोन भूपट्ट भेटतात ती त्यांची शीव. गंमत सगळी शिवेवर.

"भेटतात म्हणजे काय करतात?"

"तीनच गोष्टी करू शकतात." तिनं वर्तमानपत्रं एकमेकांपासून लांब ओढली. "एक, दूर जातात. मधे फट पडते, खालून तापलेला खडक वर येतो, वितळतो, थिजतो, आणि नवी जमीन तयार होते. समुद्राच्या तळाशी हे सतत चालू असतं."

"हा तर मधून फाटणारा पडदा," मामा म्हणाले. "एक दोर ओढला की दोन्ही अर्ध दोन बाजूंना. पुढे."

तिनं कागद एकमेकांवर आणले. "दोन, समोरासमोर येतात. समुद्रतळाचा भूपट्ट जुना, थंड, जड असतो. तो दुसऱ्याच्या खाली शिरतो आणि वरच्या भूपट्टावर ज्वालामुखी उठतात. पण दोन्हीकडे खंडच असतील तर खाली जायला कुणी तयार नाही. मग चुरगळतात." तिनं कागद दाबले, मधे घडी उभी राहिली. "हे पर्वत."

"आणि तिसरी?"

"तिसरी, एकमेकांना घासून बाजूनं जातात. काही नवं होत नाही, काही गिळलं जात नाही. एक इकडे, एक तिकडे. मधेच अडकतात, आणि अडकलेलं सुटलं की भूकंप. आपल्या गावाच्या कडेनं जाते ती ही तिसरी."

मामांनी दोन्ही कागद उचलून खालून पाहिले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो पडद्यामागचाच माणूस विचारेल. "पण ओढतं कोण? खाली हँडलवर कोण बसलंय?"

भाची हसली. "कुणी नाही. जो काठ खाली बुडतो ना, तो आपल्या वजनानं मागचा सगळा भूपट्ट ओढून नेतो. निदान मोठा जोर त्याचाच. टेबलक्लॉथ कसा..." आणि दाखवायला म्हणून तिनं टेबलक्लॉथची कड खाली ओढली. मामींनी दोन कप हवेत झेलले, तिसरा गेला.

"अगं, वाळूची पिशवी!" मामा उभेच राहिले. "आम्ही पडद्याच्या दोराला मागे वाळूची पिशवी बांधायचो. ती खाली गेली की पडदा आपोआप वर. म्हणजे हे सगळं जग..."

"वजनावर चाललंय," मामींनी वाक्य पूर्ण केलं आणि कपाचे तुकडे गोळा करायला वाकल्या.

संग्रहालयाच्या प्रमुखबाईंना मात्र हे लाकडी प्रकरण फारसं पटलेलं नव्हतं. त्या दालनासाठी त्यांनी एक मोठा पडदा मागवून ठेवला होता, टीव्हीसारखा, हलती चित्रं दाखवणारा. तो खोक्यातच भिंतीला टेकून उभा होता. "एक महिना देते," त्या म्हणाल्या. "जमलं तर तुमचं टेबल इथे कायमचं राहील. नाही जमलं तर हा लावू."

मामांनी त्या वाक्यातला एकच शब्द घरी नेला: कायमचं.

"कायमचं म्हणजे बघ," ते रात्रीच्या जेवणाला मामींना म्हणाले, "सळया काढून टाकायच्या नाहीत. गाडीत भरायचं नाही. आपण नसताना पण तिथेच."

मामी एरवी वाक्य पुरवायच्या. त्या दिवशी त्यांनी नुसती पानात आणखी एक पोळी वाढली.

तो महिना बघायला हवा होता. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत भुशाचा वास, भिंतीवर पेन्सिलीच्या आकृत्या, आणि मधे एक लांबलचक टेबल, त्याच्यावर तीन शिवा. पहिलीत समुद्राचा निळा तळ मधून दुभंगायचा आणि फटीतून लाल कापड वर सरकायचं. दुसरीत एक फळी दुसरीखाली शिरायची, वर छोटा ज्वालामुखी उचलला जायचा. शेजारी चामड्याचा पट्टा चुरगळून डोंगररांग उभी राहायची. तिसरीत दोन फळ्या, त्यांच्यावर रंगवलेलं गाव, रस्ता, फुटपाथ, कुंपण, आणि हँडल फिरवलं की गावाचे दोन अर्ध एकमेकांना घासून विरुद्ध दिशांना. तिन्ही एकाच हँडलवर. आत कप्प्या, दोर, आणि एक खटका, म्हणजे हँडल एकाच दिशेनं फिरावं. फेरा संपला की खटका सुटायचा आणि वाळूच्या पिशवीच्या वजनानं सगळं परत आपल्या जागी यायचं. मुलं उलटंसुलटं फिरवून महासागर फटाफट उघडमीट करतील हे मामांना पक्कं माहीत होतं.

आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी सरस वापरला. स्क्रू नाही, बिजागरी नाही, निघणारी सळई नाही. खाचेत खाच बसवून, सरस लावून, दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवलेले सांधे. शेवटची फळी बसवली तेव्हा आतल्या दोरांवर झाकण कायमचं बंद झालं. मामांनी त्यावरून तळहात फिरवला. कुठे काही लागलं नाही.

उद्घाटन दोन दिवसांवर आलं तेव्हा भाची बघायला आली. मामांनी तिला टेबलासमोर उभं केलं आणि विंगेतून खूण करावी तसा हात करून हँडल फिरवलं. समुद्र दुभंगला. ज्वालामुखी उठला. भाचीनं टाळी वाजवली. मग गाव सरकायला लागलं आणि तिची टाळी अर्ध्यावर थांबली.

"मामा, हे डावीकडे जातंय."

"कुठलं?"

"समोरचं अर्ध. ते उजवीकडे जायला पाहिजे. मी फोनवर सांगितलं होतं ना, समोरचं उजवीकडे."

"सांगितलंस की. म्हणून तर डावीकडे केलं."

भाचीला कळेना. कळायला नाटकघरात उभं राहावं लागतं. दिग्दर्शक खाली प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून ओरडतो, "खिडकी उजवीकडे घ्या!" आणि वर रंगमंचावर प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला ती डावी असते. पहिल्या वर्षी मामांनी यावरून एक झुंबर नको तिथे टांगलं होतं आणि खूप बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून पडद्यामागे दोन शब्द झाले: "त्यांची उजवी" आणि "आपली उजवी". कुणीही उजवी म्हटली की मामांचं डोकं विचार न करता ती उलटी करून घ्यायचं. भाची टेबलाशी बसून नकाशात बघणारी, म्हणजे बघणाऱ्यांतली. तिची उजवी, म्हणजे आपली डावी.

"तू त्या बाजूला उभी आहेस म्हणून तुला तसं दिसतंय," मामा समजुतीनं म्हणाले. "माझ्या बाजूला ये."

भाची वळसा घालून आली. मामांनी हँडल फिरवलं. समोरचं अर्ध डावीकडे गेलं.

"आता तिकडे जा."

ती गेली. डावीकडे.

"हे काय आता," मामा म्हणाले आणि स्वतः वळसा घालून गेले. हँडल भाचीनं फिरवलं. डावीकडे. ते परत आले. डावीकडे. दोघं टेबलाभोवती अशी गोल फिरत असताना प्रमुखबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काही न विचारता परत गेल्या.

"मामा, इथे त्यांची-आपली नसतंच," भाची म्हणाली. "तू कुठल्याही काठावर उभा राहा, समोरचा काठ एकाच बाजूला गेलेला दिसतो. आपल्या गावात तो उजवीकडे जातो. इथून बघ, उजवीकडे. तिथून बघ, उजवीकडे."

"असं होणं शक्य नाही."

"होतं."

"एक्केचाळीस वर्षं मी..."

"मामा, चल. दाखवते."

गावाच्या कडेला एक साधी गल्ली आहे. एका बाजूला गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला लाँड्री, मधे रस्ता आणि रस्त्याला लागून फुटपाथ. फुटपाथची दगडी कड दिव्याच्या खांबापर्यंत दोरी लावल्यासारखी सरळ येते. खांबापाशी ती तुटते, वीतभर बाजूला सरकते, आणि मग पुन्हा सरळ पुढे जाते. मामा या गल्लीतून शेकडो वेळा गेले असतील. इथे जमिनीत फट नव्हती, भोक नव्हतं, काही भयंकर नव्हतं. नुसती एक कड, जिचं पुढचं अर्ध मागच्या अर्धाशी जुळत नव्हतं.

"बहुतेक ठिकाणी शीव वर्षानुवर्षं अडकून बसते," भाची म्हणाली. "इथे ती थोडी थोडी सरकत राहते. वर्षाला अर्धा सेंटिमीटर. ही कड बांधून चाळीस वर्षं झाली."

मामांनी एक डोळा मिटून कडेवर नजर लावली, फळी सरळ आहे का हे बघताना लावतात तशी. पलीकडचं अर्ध उजवीकडे. ते चालत पलीकडे गेले, मागे वळले, पुन्हा डोळा मिटला. ज्या तुकड्यावर ते मघाशी उभे होते, तो उजवीकडे. ते परत आले. उजवीकडे. मग त्यांनी कडेवर पाय फाकून, एक पाय या भूपट्टावर आणि एक त्या भूपट्टावर ठेवला आणि मान दोन्हीकडे वळवून पाहिलं.

लाँड्रीवाल्या बाई इस्त्री हातात घेऊन बाहेर आल्या. "काही हरवलंय का?"

"माझी डावी हरवलीये," मामा म्हणाले.

बाईंनी भाचीकडे सहानुभूतीनं बघितलं. मग कडेकडे बोट केलं. "त्या गवंड्यानं वाट लावली बघा. माझ्या सासूबाई त्याला मरेपर्यंत शिव्या देत होत्या. एक कड सरळ घालता येईना मेल्याला."

"त्यानं सरळच घातली होती," मामा म्हणाले. "चांगलं काम आहे. सांधा बघा ना, किती बारीक."

बाईंना ते काही पटलं नाही. पण आत जाता जाता त्या थांबल्या आणि एक डोळा मिटून कडेकडे बघू लागल्या.

संध्याकाळी संग्रहालयात तिघं उभी होती: प्रमुखबाई, भाची आणि मामा. मामींना निरोप गेला होता, त्या वाटेत होत्या.

"राहू दे ना," प्रमुखबाई म्हणाल्या. "मामा, सुंदर झालंय. डावीकडे काय, उजवीकडे काय, येणाऱ्या लोकांना कुठे कळणार आहे? नाहीतर हँडल उलटं फिरवू."

"मग समुद्र मिटेल आणि डोंगर खाली बसेल, बाई. तिन्ही एका हँडलवर आहेत."

"मग तिसऱ्यापुरतं उलटं करा."

"आतला दोर काढून एक तिढा देऊन परत बसवायचा, म्हणजे दिशा उलटते. दहा मिनिटांचं काम." मामा टेबलाच्या गुळगुळीत पाठीवर बोटं टेकवून होते. "पण आत जायला वाटच ठेवली नाही मी. सरस आहे. करवत घालावी लागेल."

"आणि परत जुळलं नाही तर?"

मामांनी खोक्यातल्या पडद्याकडे पाहिलं. उत्तर सगळ्यांना दिसत होतं.

"मी तुम्हाला करा म्हणणार नाही," प्रमुखबाई म्हणाल्या. "परवा लोक येणार. उद्या संध्याकाळपर्यंत टेबल चालू दिसलं नाही, तर मला पडदा लावावा लागेल. आणि तो एकदा भिंतीला लागला की काढणं अवघड."

भाची हळूच म्हणाली, "मामा, चूक माझी पण आहे. मी फोनवर नीट सांगायला हवं होतं. राहू दे. खाली एक ओळ लिहू, की गावातली शीव उलट दिशेनं..."

"म्हणजे कायमचं खोटं, आणि खाली कायमची माफी," मामा म्हणाले.

तेवढ्यात मामी आल्या. त्यांना सगळं सांगितलं गेलं. त्यांनी टेबलाला एक फेरी मारली, झाकणाच्या सांध्यावरून हात फिरवला. कुठे काही लागलं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "एवढी एकच गोष्ट होती तुमची, जी..."

आणि वाक्य तिथेच राहिलं. पुरवायला कुणी नव्हतं. मामांनी खुर्चीवरचा कोट उचलला आणि उद्या सकाळी आठ वाजता दार उघडं ठेवा असं प्रमुखबाईंना सांगितलं.

सकाळी त्यांनी सरकणाऱ्या दोन फळ्यांच्या शेजारी, झाकणावरही पसरलेल्या रंगवलेल्या गावाच्या बरोबर मधे, बारीक पात्याची करवत लावली. आपणच जुळवलेला सांधा कापताना सुताराच्या हाताला काय होतं ते बघणाऱ्याला कळत नाही. करवत नुसती पुढेमागे होते. पण मामी शेजारी फळी धरून होत्या आणि त्यांना कळलं, कारण मामा काम करताना एरवी गुणगुणत आणि आज गुणगुणत नव्हते. दुपारपर्यंत झाकण दोन तुकड्यांत उचललं गेलं. आत दोर तसाच ताणलेला, स्वच्छ. त्याला तिढा पडला. कप्पी एक बोट सरकवावी लागली. मग कप्पी सरकली म्हणून दोर तोकडा पडला, तो बदलावा लागला. मग नव्या दोरानं पहिल्या शिवेतलं लाल कापड अडकलं. तीन वाजता समुद्र उघडेना. चार वाजता समुद्र उघडला पण गाव हलेना. प्रमुखबाई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांच्या मागे दोन माणसं खोकं उचलायला तयार होती.

पाच वाजता मामांनी हँडल फिरवलं. समुद्र दुभंगला, ज्वालामुखी उठला, आणि गावाचं समोरचं अर्ध, सावकाश, उजवीकडे गेलं.

प्रमुखबाई इकडून बघत होत्या. मग त्या वळसा घालून पलीकडे गेल्या, तिथून बघितलं. मग पुन्हा इकडे आल्या. मग त्यांनी दोन माणसांना खोकं परत ठेवायला सांगितलं, आणि स्वतः आणखी एकदा पलीकडे जाऊन आल्या.

"हे असं कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"मलाही कालच कळलं," मामा म्हणाले.

आता झाकण उरलं होतं. मामांनी सरसाची बाटली उघडली तशी भाचीनं त्यांचा हात धरला.

"सरस नको, मामा. मी मघापासून विचार करतेय. आमच्याकडे त्या गल्लीतल्या कडेचं माप दर वर्षी घेतात. वर्षाला जेवढी सरकली तेवढंच इथलं गावही दर वर्षी सरकवून ठेवता आलं तर? लोक हँडल फिरवतील ती गोष्ट वेगळी. पण फेरा संपून ते परत थांबतं ती जागा खरी असेल. त्यासाठी झाकण उघडावं लागेल. दर वर्षी."

"म्हणजे हे पूर्ण कधी होणार?"

"नाहीच होणार. ते तिकडे होईल तेव्हा इकडे होईल."

मामा कापलेल्या फटीकडे बघत राहिले. करवतीची रेघ गावाच्या मधून गेली होती, रस्ता, फुटपाथ, कुंपण, सगळं छेदून. रंगवलेल्या शिवेपेक्षा ती जास्त शिवेसारखी दिसत होती. बाटलीचं बूच लावायला ते वेळ घेत होते. मामी सांडलेला भुसा गोळा करत होत्या. हे वाक्य ज्याचं त्यालाच सुचायला हवं असं त्यांना वाटत असावं.

"चार स्क्रू लागतील," मामा शेवटी म्हणाले. "पितळी. लोखंडी गंजतात, आणि हे पुष्कळ वर्षं उघडायचंय."

स्क्रू बसले. प्रमुखबाईंनी पाटीसाठी कागद काढला, वर 'काम: पाचरमामा', खाली साल, असं लिहून मामांपुढे धरला. ही पाटी उद्या पितळेत कोरून घेऊ म्हणाल्या.

मामांनी ती वाचली. आपलं काम असं कुठे लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं, म्हणून दोनदा वाचली. मग कानामागची पेन्सिल काढून बाईंच्या हातात दिली.

"काम कोरा," ते म्हणाले. "साल तेवढं पेन्सिलीनं लिहा, बाई. दर वर्षी खोडायला मी येणारच आहे."